जूनमधले मालवण: बंद जेटी, सुकी मासळी आणि लवकर सुटणारी गाडी

१४ जून २०२५ रोजी सकाळी आम्ही मालवणच्या जेटीवर उभे होतो आणि सिंधुदुर्ग किल्ला अगदी समोर, पावसाच्या पडद्याआड, कधी दिसत तर कधी नाहीसा होत होता. जेटीवर एकही होडी नव्हती. साऱ्या होड्या ओढून वर किनाऱ्यावर घेतलेल्या होत्या आणि त्यांच्यावर माडाची झापे व ताडपत्री बांधलेली होती. एका होडीच्या आडोशाला जाळे दुरुस्त करत बसलेल्या काकांना माझ्या पुतण्याने किल्ल्याच्या फेरीचे विचारले, तेव्हा त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, "आता नारळी पुनवेक दर्याक नारळ पडांदे, मगे येवा."

ही चूक सर्वस्वी माझी होती. किल्ल्याची होडीसेवा आणि तारकर्ली-देवबाग परिसरातील जलक्रीडा साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात आणि सप्टेंबर उजाडल्यावरच पुन्हा सुरू होतात, ही गोष्ट किनाऱ्यावरील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी मात्र एप्रिलमध्ये ठाण्याहून कुडाळची तिकिटे काढताना केवळ रजा आणि आरक्षण एवढेच पाहिले. त्यातच त्या वर्षी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला होता, म्हणजे सावध होण्यासाठी हाताशी जवळजवळ तीन आठवडे होते. तेही मी वाया घालवले.

पुतण्याच्या हट्टापायी स्कूबा डायव्हिंगसाठी एका मध्यस्थाला दोन हजार रुपये आगाऊ दिले होते. "हवामान ठीक असेल तर नक्की होईल," असे त्याने एप्रिलमध्ये सांगितले होते आणि त्या वाक्यातील 'तर' माझ्या लक्षात आला नाही. जूनमध्ये हवामान ठीक असण्याचा प्रश्नच नव्हता. पैसे परत मागितले, तेव्हा ते पुढील हंगामात वळते करून देण्याचे आश्वासन मिळाले आणि त्यानंतर फोन उचलला गेला नाही. म्हणून मागाहून जाणाऱ्यांना सांगतो, की समुद्रातील कोणत्याही गोष्टीसाठी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी "त्या तारखेला बंदी लागू असते का?" असा सरळ प्रश्न विचारावा आणि रद्द झाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी घ्यावे. व्हॉट्सअॅपवरील संदेशही चालेल, परंतु तोंडी शब्दावर राहू नये.

निवासाच्या बाबतीतही थोडी फसगत झाली. छायाचित्रात खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात खिडकीसमोर माडाची बाग होती आणि समुद्र तिच्या पलीकडे होता, त्यामुळे लाटांचा आवाज मात्र रात्रभर भरपूर ऐकू आला. पहिल्याच रात्री वीज गेली ती पहाटे आली. माझी आई ७४ वर्षांची आहे, त्यामुळे अंधारात ओल्या पायऱ्या उतरणे हा आमच्यासाठी साधा प्रश्न नव्हता. पावसाळ्यात कोकणात खोली ठरवताना दृश्यापेक्षा तीन गोष्टी आधी विचाराव्यात: इन्व्हर्टर आहे का, गाडी दारापर्यंत येते का आणि जेवण तिथेच मिळते का. अनेक खाणावळी या दिवसांत बंद असतात आणि भर पावसात जेवणासाठी दोन किलोमीटर चालत जाण्याची हौस एका दिवसात फिटते. खिडकीचे म्हणाल, तर मालकांना व्हिडिओ कॉल करून ती उघडायला सांगावी.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मालवणला जाणारी निम्मी मंडळी माशांसाठीच जातात. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. अशा वेळी ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. आमच्या यजमानीणबाईंनी हे आपण होऊन सांगितले, याचे मला कौतुक वाटले. सुरमईऐवजी त्यांनी चुलीवर भाजलेला सुका बांगडा, सुक्या जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. आईने पिठी दोनदा मागून घेतली. माझ्या मते जूनमध्ये मालवणात जेवावे ते असेच, आणि ताज्या पापलेटाचा आग्रह धरून महागडे बर्फ खाऊ नये.

समुद्रात उतरण्याचा विचार मात्र करूच नये. वरून उथळ दिसणाऱ्या पाण्याखालची ओढ या दिवसांत भल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधील चिंचोळी पट्टी. तिथे उभे राहून दोन्ही पाणी पाहिले तरी पुरेसे आहे.

किल्ला हुकला, तरी मोरयाचा धोंडा हुकला नाही. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले, त्या वेळी मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावरील या खडकाजवळ झाली, असे सांगतात. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र आणि शिवलिंग कोरलेले आहे. पाऊस थोडा थांबला होता. आईने छत्री माझ्या हाती दिली, ओल्या कातळावर हात टेकवला आणि समोरच्या तटाकडे पाहून नमस्कार केला. ठाण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईला तेवढ्याने समाधान वाटले, हे पाहून मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

पुढचे दोन दिवस आम्ही समुद्राकडे पाठ फिरवली आणि सहलीचा सूर तिथून लागला. कुडाळ-मालवण रस्त्यावरील धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातील आहे. काठावर भगवतीचे मंदिर आहे, दाट झाडी आहे आणि पावसाचे थेंब पाण्यावर पडताना पाहत तासभर सहज जातो. वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर त्याच बाजूला आहे. सावंतवाडीत राजवाड्यातील गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि चितारआळीतील लाकडी खेळणी पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. आंबोलीला मात्र जूनच्या मध्यात घाई करू नये. धबधबे खऱ्या अर्थाने भरतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हाही रविवार टाळावा.

शेवटचा धडा परतीच्या दिवशी मिळता मिळता राहिला. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक २०२५ मध्ये १५ जूनपासून लागू झाले. मुसळधार पावसात गाड्यांचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणावा लागत असल्यामुळे या काळात अनेक गाड्यांच्या वेळा बदलतात आणि काही गाड्या मधल्या स्थानकांवरून नेहमीपेक्षा आधी सुटतात. आम्ही १७ जूनला निघणार होतो. तिकिटावरील वेळ पुन्हा वाचण्याऐवजी मी मागच्या मे महिन्यातील आठवणीवर विसंबून रिक्षाला वेळ दिली होती. दुपारी रिक्षावाल्या दादांनीच फोन केला, "पावसाळी टायम लागू झालो, म्हायत आसा मां तुमका?" मी तिकीट काढून पाहिले, तर गाडी माझ्या हिशेबापेक्षा जवळजवळ तासभर आधी होती. ओले कपडे तसेच पिशवीत कोंबून आम्ही निघालो आणि कुडाळच्या फलाटावर पोहोचलो, तेव्हा गाडी यायला दहा मिनिटे होती. दादांनी भाड्यावर वरचे पैसे घेतले नाहीत. त्यांचा क्रमांक मी नोव्हेंबरसाठी जपून ठेवला आहे, कारण आईला तो किल्ला आतून पाहायचा आहे.