पन्हाळीचे पाणी आणि वाळूचे पिंप

खानापूर तालुक्यातील आमच्या घरी आज पावसाच्या पाण्यासाठी वाळूची गाळणी उभी राहिली. मलप्रभा ज्या तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावते, तेथे पावसाळाभर छपरावरचे पाणी वाहून जाऊ द्यावे, याची मला फार दिवस खंत होती. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तरी हिशेबाने 1000 लिटर पाणी होते.

200 लिटरच्या जुन्या पिंपात तळाशी जाड खडी, तिच्यावर बारीक खडी आणि वर सुमारे 50 सेंटिमीटर वाळू भरली. सर्वाधिक वेळ वाळू धुण्यात गेला आणि तो द्यायलाच हवा, कारण तिच्यातील माती निघाली नाही, तर गाळणीच पाणी गढूळ करते. धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येणारे पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडण्यासाठी पन्हाळीला वेगळा पाइप जोडला आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वाळूची वरची साय. वाळू सतत पाण्याखाली राहिली, तर काही आठवड्यांत तिच्यावर सूक्ष्मजीवांचा थर जमतो आणि तो पाण्यातील रोगजंतू बऱ्याच प्रमाणात कमी करतो. म्हणूनच बाहेर पडणाऱ्या पाइपाचे तोंड वाळूच्या पातळीपेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर उंच ठेवले. तरीही पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे, असे आईला आणि शेजारच्या काकूंना आग्रहाने सांगितले आहे. धुणीभांडी आणि गुरांसाठी मात्र गाळलेले पाणी तसेच वापरता येईल.