मुंधुम : पाठ असलेला धर्मग्रंथ

नेपाळ म्हटलं की आपल्याकडे पशुपतिनाथ आणि लुंबिनी, झालं, विषय संपला. पण पूर्व नेपाळच्या डोंगरात, इलाम, ताप्लेजुंग, भोजपूर, खोटांगकडे, आणि आपल्या सिक्कीम-दार्जिलिंगलाही किरात लोक राहतात, म्हणजे राई, लिंबू, याक्खा, सुनुवार वगैरे, आणि त्यांचा स्वतःचा वेगळा धर्म आहे. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत नऊ लाखांहून जास्त लोकांनी धर्म 'किरात' असाच सांगितलाय.

या धर्माचा ग्रंथ म्हणजे मुंधुम, आणि तो मुळात तोंडीच. लिंबूंमध्ये फेदांमा आणि साम्बा, राईंमध्ये नाक्छोंग, हे त्यांचे पुजारी तो म्हणतात. तोंगसिंगसारख्या विधीत तर रात्र रात्र पठण चालतं! मला सगळ्यात भारी वाटते ती त्याची रचना, नावं सतत जोडीनं येतात, माणूस घडवणारा पोरोक्मी यांफामी, पहिली बाई मुजिंग्ना खेयांग्ना, त्यामुळे एक शब्द आला की दुसरा आपसूक जिभेवर येतो, इतकं सगळं पाठ राहतं त्यात या जोड्यांचा मोठा हात असणार. माणूस घडवायची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे, आधी सोन्याचांदीचा केला तर तो बोलेचना, मग राख, कोंबडीची विष्ठा आणि पावसाचं पाणी कालवून केला तेव्हा कुठे बोलला.

राई घरात चुलीचे तीन दगड म्हणजे पूर्वजांची जागा, देवघरच समजा. लिंबूंचा चासोक हा सण मंसिर (म्हणजे मार्गशीर्ष) पौर्णिमेला, नवं धान्य देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, आपल्या नवान्नासारखंच.

आता लिहून ठेवण्याबद्दल. सिरिजुंगा या लिंबू विद्वानांनी अठराव्या शतकात लिंबू लिपी शिकवली म्हणून सिक्कीममध्ये त्यांना ठार मारलं गेलं. पुढे लिंबू धर्मसुधारक फाल्गुनंदांनी १९३१ साली लोकांना जमवून पशुबळी बंद करा, मुलांना आपल्या भाषेत शिकवा असे ठराव केले, आणि लिंबू अभ्यासक इमानसिंह चेम्जोंग यांनी मुंधुम गोळा करून छापला. ही माणसं नसती तर कितीतरी गेलंच असतं, त्याबद्दल आदरच आहे. पण छापलं की एकच पाठ 'खरा' ठरायला लागतो, आणि इथे तर गावागणिक, कुळागणिक मुंधुम बदलतो, तीच तर त्याची श्रीमंती आहे ना! म्हणून मला मनापासून वाटतं की आता जे कोणी रेकॉर्डिंग करतायत त्यांनी गाव, कूळ, म्हणणाऱ्याचं नाव सगळं नोंदवावं आणि दोन पाठ जुळले नाहीत तर जुळवत बसू नये, दोन्ही ठेवावेत.

वैशाख पौर्णिमेच्या सुमारास काठमांडूत असाल तर टुंडिखेल मैदानावर साकेला, म्हणजे किरातांचा नाचाचा सण, बघायला नक्की जा. ढोल आणि झ्याम्टा (झांजा) यांच्या तालावर गोल धरून नाचतात, त्या नाचात पेरणी आहे, पाखरं आहेत, आणि नुसतं बघत उभं राहू नका, गोलात शिरा.