वरच्या काकूंना खून हवाय

रविवार, रात्रीचे साडेदहा

पाऊस काही थांबत नाहीये. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, त्यामुळे संध्याकाळी अर्धी बिल्डिंग दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत पाणी लागलंय ते बघायला गोदाघाटावर पळाली होती, कमरेपर्यंत असा रिपोर्ट आलाय, मी नाही गेलो, मी तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे खुनाची डिलिव्हरी द्यायला गेलो होतो.

झालं असं की काकूंचं जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जिन्याचं नाव काढायचं नाही असं बजावलंय. बँकेत तीस-बत्तीस वर्षं कॅश आणि क्लिअरिंग सांभाळलेली बाई, ती कॉटवर पडून सिरियल्स किती बघणार. मी भाजी द्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "अरे, तू सारखा वाचत असतोस ना, मला दे काहीतरी. रडकं नको, कुणाचं चरित्र नको, खून असला तरी चालेल." मग जरा थांबून, "खून असलेलंच दे."

आता मला हे कुणी विचारायची मी वीस वर्षं वाट बघतोय. अंबडला कंपनीच्या बसमध्ये जाता-येता माझं दुसरं काय चालतं, मारामारी नाहीतर मुडदे. त्या रात्री कपाट उपसून पाच पुस्तकं काढली, एका कागदावर कुठली सिरीज कुठून सुरू करायची, कुठलं आधी कुठलं नंतर, बाण काढून लिहिलं आणि सकाळी सगळं नेऊन ठेवलं. काकूंनी कागद चष्म्यावरून वाचला आणि विचारलं, "हा सिलॅबस आहे का?"

पहिली चूक तीच. दुसरी म्हणजे मी माझं स्वतःचं लाडकं पुस्तक पुढे केलं, हॅरी बॉश नावाच्या डिटेक्टिव्हचं, १९९२ मधलं पहिलंच. त्याचा लेखक मायकेल कॉनेली आधी लॉस एंजेलिसमधल्या पेपरात क्राइम रिपोर्टर होता, त्यामुळे त्याचे पोलीस खरे वाटतात, फॉर्म भरतात, साहेबाला टाळतात, गार कॉफी पितात. बॉश व्हिएतनामच्या युद्धात बोगद्यांत उतरणारा सैनिक होता आणि पहिल्याच केसमध्ये पाइपात सापडलेलं प्रेत त्याच्याच जुन्या साथीदाराचं निघतं. शिवाय हा गडी पुस्तकागणिक म्हातारा होत जातो, म्हणून ही सिरीज क्रमानेच वाचायची असते, हे सगळं मी काकूंना लेक्चर दिल्यासारखं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुस्तक परत. चाळिसाव्या पानात वीजबिलाची पावती खूण म्हणून घातलेली. "चांगलं आहे रे, पण हा माणूस फार दुःखी आहे. मला आधीच गुडघा आहे."

मग म्हटलं अॅक्शन देऊ. ली चाइल्डचा जॅक रीचर. सहा फूट पाच इंच, मिलिटरी पोलिसातून बाहेर पडलेला, घर नाही, बॅग नाही, खिशात घडीचा टूथब्रश. हा काही बॉशसारखा पिकत नाही, कुठलंही पुस्तक कुठूनही उचला, त्यामुळे नव्या माणसाला सोपा पडतो असा माझा आपला हिशोब. इंग्रजी काकूंना येतं पण कादंबरीचं इंग्रजी बँकेच्या सर्क्युलरसारखं नसतं, म्हणून १९९७ च्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात मी चहा उकळेपर्यंत मराठीत तोंडीच सांगितली. अनोळखी गाव, रीचर हॉटेलात बसून अंडी खातोय, कॉफी पितोय, तेवढ्यात पोलीस बंदुका रोखून आत येतात आणि त्याला खुनाच्या आरोपाखाली धरतात, आणि हा तर अर्ध्या तासापूर्वीच गावात आलाय. "अंडी तरी संपवू द्यायची," काकू म्हणाल्या. मग पुढे कधीतरी मी सांगितलं की रीचर कपडे धुत नाही, स्वस्तातले घेतो, घालतो, टाकून देतो आणि नवे घेतो. तिथे रीचर मेला. किती माणसं मारतो याचं त्यांना काही नव्हतं, पण चांगले कपडे टाकून देणारा माणूस त्यांना डोळ्यासमोर नको झाला.

पण मधे एक गंमत झाली. सुरुवात सांगताना चहा उतू गेला, मी गॅसकडे पळालो, गोष्ट अर्धी राहिली, आणि आतून काकूंचा आवाज, "अस्संच करायचा मेला दादा!"

तेव्हा कळलं. काकूंच्या लहानपणी मालेगावला त्यांचा मोठा भाऊ भाड्याच्या लायब्ररीतून गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या आणायचा, कॅप्टन दीप, गोलंदाज वगैरे. घरात बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाडसुद्धा असायचे, ते वडिलांचे, बाबुरावांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्यात म्हणजे त्या घरात कधी तुटवडा पडला नसेल. पण मुलींनी असलं वाचायचं नाही. दादा रात्री गच्चीवर गोष्ट सांगायचा आणि बरोब्बर शेवटाला थांबायचा. उद्या पहाटे नळावरून माझ्या वाटचे दोन हंडे भर, मग सांगतो. काकूंनी शेवटापायी किती हंडे वाहिले त्याचा हिशोब नाही. "आणि त्यातले अर्धे शेवट तो मनचे सांगत असणार, मला आत्ता वाटतंय," असं म्हणून एवढ्या हसल्या की गुडघा धरला.

मी उगाच लॉस एंजेलिसला गेलो होतो.

काल शनिवारी बाजारात जाऊन जुन्या पुस्तकवाल्याकडे सुहास शिरवळकर शोधले. आपल्याकडे बहुतेकांना ते कॉलेजच्या पोरांच्या कादंबरीमुळे माहीत, पण त्यांच्याकडे दारा बुलंद आहे, फिरोज इराणी आहे, मंदार पटवर्धन आहे, आणि मला सगळ्यांत जास्त आवडतो तो वकील, अमर विश्वास. एकाच लेखकाने इतके वेगवेगळे हिरो चालवले आणि प्रत्येकाचा नाद वेगळा ठेवला, हे कौतुक आपण कमीच करतो असं माझं मत. अमर विश्वासचं एक मिळालं, पानं चहाच्या रंगाची, पाठीवर खाकी पट्टी. आणि बाराव्या पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलेलं, खुनी कोण ते, नावासकट, खाली दोन रेघा मारून! असल्या माणसाला काय म्हणावं. पोराचं खोडरबर घेऊन दहा मिनिटं घासत बसलो. पेन्सिल गेली पण कागदावर वळ राहिला, दिव्याखाली तिरपं धरलं की नाव वाचता येतं. तसंच वर नेऊन दिलं. आज सकाळी नऊला फोन. "त्या पेन्सिलवाल्याचं चुकलंय. खुनी तो नाहीचे." एका रात्रीत संपवलं होतं, वळ वाचूनसुद्धा.

संध्याकाळी, म्हणजे आत्ताच, वर गेलो तर प्रश्न तयार. रहस्यकथा आणि थ्रिलर यात फरक काय, खून तर दोन्हीत होतोच. मी म्हटलं, काकू, आपल्या विजयानंद नाट्यगृहाचं घ्या. २१ डिसेंबर १९०९, कलेक्टर जॅक्सनची बदली झालीय, निरोपासाठी संगीत शारदाचा प्रयोग, आणि अठरा वर्षांचा अनंत कान्हेरे पिस्तूल घेऊन आत बसलाय. गोळी कुणी झाडली हे नाशकात शाळेतल्या पोराला माहीत आहे. तरी सांगणाऱ्याने तो दरवाजा, साहेब आत येतोय, कान्हेरेचा नेम चुकला तर म्हणून त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे पण तयारीत आहेत, असं सांगितलं की आपला श्वास अडकतोच ना? कोणी केलं हे शोधायला लावते ती रहस्यकथा, आणि माहीत असून घाम फोडतो तो थ्रिलर. काकूंनी मान हलवली, मग म्हणाल्या, "मला दोन्ही चालतील. फक्त कागदपत्रं असली पाहिजेत."

कागदपत्रं! हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. सुजाता मॅसीची परवीन मिस्त्रीची सिरीज आहे, पहिलं २०१८ चं. मुंबई, १९२१, पारशी वकीलबाई, वडिलांच्याच फर्ममध्ये काम करते. मलबार हिलवर एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, पुरुष वकील त्यांच्यासमोर जाऊ शकत नाही, आणि तिघींनीही आपला सगळा वाटा धर्मादायाला देतोय म्हणून कागद पाठवलाय. मग या खाणार काय? आणि त्यातल्या एकीने तर सहीच्या जागी नुसती फुली मारलीये.

काकू उशी सोडून सरळ बसल्या. "फुली? आणि साक्षीदार कोण होता?"

म्हटलं, तेच तर.

"मजकूर तिला वाचून कोणी दाखवला? तसं लिहून घेतलंय का खाली? आमच्याकडे अंगठा असला तरी दोन साक्षीदार लागायचे. हा कागद मी काउंटरवरूनच परत केला असता." परवीन मिस्त्रीला जे करायला वाडा गाठावा लागतो ते काकूंनी कॉटवर बसून अर्ध्या मिनिटात केलं. मग मी शेवटचा पत्ता टाकला, की ही परवीन ज्या खऱ्या बायकांवरून सुचली त्यातली एक कॉर्नेलिया सोराबजी, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली बाई, पुढे आयुष्यभर अशाच पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीसाठी भांडली, आणि तिचा जन्म १८६६ चा, आपल्या नाशिकचा. "नाशिकची? आणि मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नाही?" पुस्तक इंग्रजीत आहे असं मी बोलायच्या आत ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं होतं. डिक्शनरी पण मागितलीये, जाडी, मोबाइलवरची नको म्हणाल्या.

मार्टिन बेक या पोलिसाच्या सिरीजचं काकूंना सांगितलं नाही अजून. स्वीडनचं एक जोडपं, १९६५ ते १९७५ मध्ये बरोबर दहा पुस्तकं, पोरं झोपल्यावर दोघं रात्री आळीपाळीने एकेक प्रकरण लिहायचे. पहिल्यात कालव्यातून एका बाईचं प्रेत निघतं आणि तपास महिनोन्‌महिने रखडतो, पत्रं पाठवा, उत्तराची वाट बघा, बेकचं पोट बिघडलेलं, सर्दी झालेली. मला ते फार आवडतं, बसमधल्या मित्राने वीस पानांत सोडलं, त्याला हिंदीतले सुरेंद्र मोहन पाठक आणि त्यांचा विमल लागतो, पळणारा, वेष बदलणारा. बेक काकूंना चालेल असं वाटतंय, पण मागच्या वेळी पण मला असंच वाटलं होतं. आता मागतील तेव्हाच. उद्या येताना अमर विश्वासचं दुसरं मिळतं का बघायचं, सार्वजनिक वाचनालयातही विचारायचं, १८४० पासूनचं आहे, त्यांच्याकडे नसलं तर कुणाकडे असणार.

निघताना चपला घालत होतो तर काकूंचा फोन वाजला. मालेगावहून दादा. वय सत्तरीला आलंय, कानाने कमी ऐकू येतं म्हणून काकूंनी स्पीकर लावलेला, सगळ्या मजल्याला ऐकू जात होतं. काकू त्यांना अमर विश्वासची केस सांगत होत्या, तारखांसकट, कोर्टात कोण कुठे उभं होतं त्यासकट, पेन्सिलवाल्याचं सुद्धा सांगितलं. मी दारातच थांबलो. शेवटचा साक्षीदार पिंजऱ्यात आला आणि काकू गप्प झाल्या.

"अगं मग? खुनी कोण?" तिकडून दादा ओरडले.

"दोन हंडे भरून ठेव," काकू म्हणाल्या, "मग सांगते." आणि फोन ठेवला.