मेन लाईन गेली तरी यूट्यूब चालू होतं

आमचं छोटं ब्रॉडबँड आहे, सांगली जिल्ह्यात. मी नेटवर्क बघतो. त्या दिवशी संध्याकाळी कराडच्या अलीकडे रस्त्याच्या कामात फायबर तुटली आणि पुण्याकडून येणारी आमची 10 जीबीपीएसची मेन लाईन गेली. बॅकअप फक्त 1 जीबीपीएसचा, आणि वेळ कुठली तर साडेसातची, आयपीएल सुरू व्हायची!

मला वाटलं आता फोन उचलून उचलून मरणार. पण फोन आले ते विचित्रच. एक केबलवाला म्हणाला, "दादा, नेट गेलंय का हाय? पोरगं यूट्यूब बघतंय मस्त, आणि माझी मॅच नुसती फिरतीय."

कारण आमच्या रॅकमध्ये गुगलचा कॅशे सर्व्हर बसवलेला आहे. गुगल ग्लोबल कॅशे म्हणतात त्याला. मशीन गुगलचं, जागा, वीज आणि नेटवर्क आमचं, आणि आमचे ग्राहक कुठल्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावर आहेत ते आम्ही बीजीपीने (नेटवर्कांनी एकमेकांना पत्ते कळवायची पद्धत) त्याला कळवतो. मग जे व्हिडिओ आमच्याकडं जास्त बघितले जातात ते इथंच साठतात, पुण्या-मुंबईहून परत परत आणावे लागत नाहीत. नेटफ्लिक्सनेही 2012 पासून असंच स्वतःचं ओपन कनेक्ट चालवलंय. हे काही कोणी कोणावर उपकार करत नाही, त्यांचे व्हिडिओ न अडकता चालतात आणि आमचं बँडविड्थचं बिल वाचतं.

फक्त कुठला व्हिडिओ कुठून द्यायचा हे अजूनही बाहेरूनच ठरतं, त्यामुळे बारीक का होईना बॅकअप लागतोच. मी आधी बॅकअपवर डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला, वाट करून दिली. लाईव्ह मॅच आमच्या त्या बॉक्समध्ये नसतेच, ती सगळी बॅकअपवरच येऊन आदळत होती.

तेवढ्यात एका ताईंचा फोन आला, "अहो भाऊ, पोरीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख, पेजच उघडंना." आवाज रडवेला झालेला. मग मी बॅकअपवर सगळ्यांना सारखी लिमिट लावली, मॅचवाल्यांनी शिव्या घातल्या, घालू देत. थोड्या वेळाने ताईंनी स्क्रीनशॉट पाठवला, फॉर्म सबमिट झाला होता. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं.

रात्री उशिरा स्प्लायसिंग झालं, म्हणजे तुटलेली फायबर जोडली, लाईन आली. सकाळी मालक ग्राफ बघून खूष, म्हणाले, "बघ, निम्म्या लोकांना कळलं पण नाही. मग बॅकअप वाढवायचा कशाला?" तिथं मात्र मी अडून बसलो. म्हटलं साहेब, यूट्यूब चाललं म्हणजे नेट चाललं असं नाही. फॉर्म, बँक, डॉक्टरचा व्हिडिओ कॉल, यातलं काहीही त्या बॉक्समध्ये नाही, ते सगळं बाहेरूनच येतं. गुगलसोबतचा कॅशे पाहिजेच, माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक तालुक्यातल्या ऑपरेटरला असा मिळावा, पण तो दुसऱ्या लाईनची जागा घेऊ शकत नाही. आणि ती दुसरी लाईनसुद्धा त्याच रस्त्याने आली तर काय उपयोग, एकाच खड्ड्यात दोन्ही तुटतील.

बराच वेळ वाद झाला. शेवटी मालक म्हणाले, कोल्हापूरकडून काय रेट पडतोय ते विचार. कोटेशन मागवलंय.