गंजगोलाईत छोटा कॅमेरा

आज सोनीचा ए६००० गळ्यात अडकवून लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेत, भटकलो. २०१४ सालचं मॉडेल, त्यामुळे सेकंडहँड परवडतं. बॅटरी आणि कार्ड धरून, लेन्स सोडून वजन ३४४ ग्रॅम. मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत असतो तो आरसाच नाही, म्हणून अंग एवढंसं, पण फोटो टिपणारा सेन्सर त्यांच्यातलाच, एपीएस-सी आकाराचा, २४ मेगापिक्सेलचा.

खरा फायदा मात्र वेगळाच. मोठी लेन्स दिसली की माणसं सावरून बसतात. याला कुणी भीकच घालत नाही!

मिरचीवाल्या मामांना विचारलं, "काढू का फोटो?"

"काढ की. पेपरात येनार का?"

"नाही मामा, फेसबुकवर."

"मग काय उपेग!" म्हणत ते तराजूकडे वळले. स्क्रीन वर उचलून कॅमेरा कमरेशी धरला. नखांच्या कडांत बसलेली लाल पूड, पारड्यात एकेक करून टाकलेल्या शेवटच्या मिरच्या, हे सगळं वरून बघताना सुटलं असतं. लाल रंग उन्हात लगेच फाटतो, सुरकुत्या जाऊन नुसता डाग उरतो. म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप खाली घेतलं. व्ह्यूफाइंडरमध्ये फरक क्लिकच्या आधीच दिसतो, ही सोय मला फार आवडते.

सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गोलाईला. चार रस्ते फिरून झाले नाहीत तोवर बॅटरी लाल! इवलीशी असते ती, आणि स्क्रीन सतत चालू. जास्तीची एक खिशात हवीच. कुणाकडे वापरलेली, चांगली ३५ एमएम एफ १.८ लेन्स असेल तर इनबॉक्स करा. भाव मात्र लातूरचा लावा, पुण्याचा नको.