चतुराचे डोळे शार्प यायला काय काय लागलं – माझा अनुभव

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं दाखवणारी) घेतली की किड्यांचे फोटो आपोआप भारी येतात असं वाटत असेल तर आधीच सांगते, तसं काही होत नाही, लेन्स फक्त जवळ नेते आणि खरा वैताग जवळ गेल्यावरच सुरू होतो. मला हवे होते चतुराचे, म्हणजे ड्रॅगनफ्लायचे, डोळे. मोठ्या जातींच्या एकेका डोळ्यात तीस हजारांपर्यंत बारीक भिंगं असतात, ती जाळी फोटोत दिसायला हवी एवढाच हट्ट.

पहिली मारामारी डेप्थ ऑफ फील्डशी, म्हणजे फोटोत पुढे-मागे जेवढा पट्टा शार्प येतो त्याच्याशी. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराइतकाच पडतो तेव्हा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ११ ठेवूनसुद्धा शार्प पट्टा मिळतो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग शार्प आणि मागचा गेला. मग अ‍ॅपर्चर अजून बंद करू म्हणाल तर डिफ्रॅक्शन (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरणं) मधे येतं, कारण १:१ ला एफ २२ हे प्रत्यक्षात एफ ४४ सारखं वागतं आणि सगळाच फोटो मऊ पडतो. मी एका वाळक्या पानावर एफ ५.६ पासून एफ २२ पर्यंत सगळे शॉट घेऊन शेजारी शेजारी लावून बघितले, एफ ११ च्या पुढे शिरा पुसट व्हायला लागतात, तेव्हापासून मी एफ ११ सोडत नाही. त्यापेक्षा फायदा झाला तो थोडं मागे सरकल्याचा. १:२ वर (खऱ्याच्या निम्म्या आकारात) तोच पट्टा साधारण चार मिलिमीटर होतो, आणि तसंही १:१ ला फ्रेम फक्त ३६ मिलिमीटर रुंद, त्यात अख्खा चतुर मावतच नाही.

आता हा चार मिलिमीटरचा पट्टा वाढत नाही हे मान्य केलं की मग प्रश्न उरतो तो कुठे टाकायचा. माझ्या मते मॅक्रोमधलं निम्मं काम हेच आहे, लोक उगाच लेन्सवर भांडत बसतात. चतुर पंख पसरून बसतो, त्यामुळे बाजूने घेतला तर अंग शार्प येतं पण पंख जातात, वरून कॅमेरा पंखांना समांतर धरला तर पंख आणि पाठ दोन्ही बऱ्यापैकी येतात, समोरून घेतला तर फक्त चेहरा, बाकी सगळं धूसर, आणि मला तेच आवडतं. टाचणी (चतुराची सडपातळ भावंडं, डॅमसेलफ्लाय) त्या मानाने गरीब बिचारी, बहुतेक जाती पंख अंगावर मिटून बसतात, बाजूने समांतर धरा, सगळं एका पट्ट्यात.

ऑटोफोकस मी बंदच केला. मॅग्निफिकेशन (१:१, १:२ वगैरे) आधी सेट करायचं, मॅन्युअलवर ठेवायचं आणि अख्खं अंग अगदी किंचित पुढे-मागे डोलवत डोळा शार्प दिसला की चार-पाच फोटो सटासट एकामागोमाग (बर्स्ट). कोपर गुडघ्यावर टेकवलेलं असेल तर बरंच स्थिर राहता येतं. फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करून पाहिलं, पण वाऱ्याने काडी हलली की सगळं फुकट, ते पहाटे वारा पडलेला असताना आणि किडा गारठलेला असतानाच जमतं. ऊन वर येईपर्यंत चतुराला उडता येत नाही, आधी पंख थरथरवून तो अंग गरम करतो, ती थरथर दिसली की समजायचं आता वेळ थोडा उरला. (काही जण फोटोसाठी किडे फ्रीजमधे ठेवतात म्हणे, मला ते अजिबात पटत नाही.)

दिवसा मात्र त्याच्या मागे धावून काही होत नाही. काडीवर बसणाऱ्या जाती उडाल्या तरी बऱ्याचदा त्याच काडीवर परत येतात, म्हणून तो उडाला की उठायचं नाही, उलट तेवढ्या वेळात हळूच पुढे सरकून काडीच्या टोकावर फोकस लावून थांबायचं. त्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण अगदी सावकाश केलेली हालचाल तो बऱ्याचदा खपवून घेतो, आपली सावली अंगावर पडली तर मात्र गेला. भर दुपारी काही जाती शेपूट सरळ सूर्याकडे उभी करून बसतात, ऊन कमी लागावं म्हणून, ती पोझ मस्त येते.

फ्लॅशने माझा बराच वेळ खाल्ला. कमी पॉवरवर त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कितीतरी लहान असते म्हणून हात हलला तरी फोटो गोठतो, पण नुसता फ्लॅश मारला की डोळ्यावर एक पांढरा ठिपका जळतो आणि नेमकी तिथली जाळी गायब. उपाय एकच, डिफ्यूजर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) मोठा हवा आणि किड्याच्या शक्य तितका जवळ. मी पॅकिंगमधे येतो तो पातळ पांढरा फोम वाकवून लेन्सच्या वर लावते. मागचं काळंकुट्ट होत असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ४००-८०० करायचा नाहीतर मागे एखादं पान येईल अशी जागा धरायची.

आणि एक, जात ओळखायची असेल तर समोरून घेतलेला सुंदर चेहरा फारसा कामाचा नाही. छातीवरचे पट्टे आणि शेपटीच्या टोकाचे बारीक आकड्यांसारखे अवयव दिसावे लागतात. त्यामुळे आता मी आधी बाजूने एक साधा, पासपोर्ट फोटोसारखा शॉट घेऊन टाकते, मग तो बसला असेल तर डोळ्यांकडे वळायचं.