चार अल्बम, एक दिवस
आज अंगात कणकण होती म्हणून दिवसभर पडून राहिले आणि फॉन्टेन्स डीसी या रॉक बँडचे चारही अल्बम ओळीने ऐकले, असं पहिल्यांदाच. डब्लिनची पोरं, म्युझिक कॉलेजात भेटली पण दोस्ती जमली कवितेवरून. २०१९ चा 'डॉग्रेल' ऐकताना तर वाटतं गायक गातच नाहीये, रस्त्यात उभं राहून कुणालातरी सुनावतोय. मग २०२० चा 'अ हीरोज डेथ', पुन्हा तसंच करा म्हणणाऱ्यांना सरळ ठेंगा, आणि गंमत म्हणजे ग्रॅमीचं पहिलं नॉमिनेशन त्यालाच! 'स्किंटी फिया' लंडनला राहायला गेल्यावरचा, पहिल्याच गाण्यात आयरिश भाषेतली एक ओळ मागून घोळत घोळत अशी चढत जाते की मी उठूनच बसले. ब्रिटनमध्ये नंबर वन गेला तो.

'रोमान्स' आला तेव्हा (२०२४) मात्र मी नाक मुरडलेलं, रंगवलेले केस नि भडक कपडे बघून म्हटलं गेले हे पण कामातून. साफ चुकले. त्यातल्या 'स्टारबर्स्टर'मध्ये गायक ग्रियन चॅटन मध्येच खस्सकन श्वास आत ओढतो ना, ते गाणं त्याला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर आलेल्या पॅनिक अटॅकमधून आलंय. हेडफोनवर ऐकताना माझाच श्वास अडकला राव. आधीचे तिन्ही डॅन कॅरीने प्रोड्यूस केलेले, हा जेम्स फोर्डने, आणि तो फरक कानाला लगेच कळतो, सगळं कसं ऐसपैस.

आता परत 'डॉग्रेल' लावलाय. घरचे वैतागलेत.